सवंगड्यांचा खेळ आणि भक्ती

किशोरवयातील मुले-मुली दिवसाचा मोठा भाग सवंगड्यांच्या संगतीत घालवतात. शाळा सुटल्यावरचे मैदान, सुट्टीतली भटकंती, डबे उघडून एकत्र खाणे, सणावाराला जमणारा घोळका, रुसवेफुगवे आणि पुन्हा जमणारी गट्टी, हे त्या वयाचे रोजचे जीवन असते. या जीवनाला परमार्थात काय स्थान आहे, हा भारतीय विचारातला जुना प्रश्न आहे. खेळात गेलेला वेळ वाया गेला असे मानावे, की खेळ हाही भक्तीचा एक प्रकार मानावा? परंपरेने याला एकच उत्तर दिलेले नाही. वैराग्याला प्राधान्य देणाऱ्या विचारांनी खेळाकडे संशयाने पाहिले. वैष्णव भक्तिपरंपरेने, त्यातही भागवत पुराणाच्या दशम स्कंधाने आणि महाराष्ट्रातील वारकरी संतांनी, देवालाच खेळगडी केले. या दुसऱ्या उत्तराचा गाभा असा : खेळात सगळे गडी एका पातळीवर येतात, आणि बरोबरी आली की भय आणि हिशेब दोन्ही गळून पडतात. म्हणून खेळाचे मोल त्यातून पुढे काय मिळते यावर ठरत नाही. खेळताना गडी एकमेकांशी कसे वागतात यावर ते ठरते.

आक्षेपाची बाजू

खेळाविरुद्धचा आक्षेप हलका नाही. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘मोहमुद्गर’ या स्तोत्रात माणसाच्या आयुष्याचे तीन तुकडे दाखवले आहेत : बालपण खेळात जाते, तारुण्य प्रेमात जाते, म्हातारपण काळजीत जाते आणि परब्रह्माकडे वळायला कोणालाच सवड होत नाही. पाली त्रिपिटकातील ‘दीघनिकाया’च्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजालसुत्तात, बुद्ध ज्या गोष्टींपासून दूर राहतात त्यांची यादी येते; तीत पटावरचे खेळ, फासे, चेंडू अशा अनेक खेळांची नावे आहेत. भिक्षूने सावध राहावे आणि खेळ सावधपणा घालवतो, असा त्यामागचा विचार आहे. समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’त तिसऱ्या दशकात जन्मापासून मरणापर्यंतच्या दुःखांचा पट उलगडला आहे आणि नकळत निघून जाणाऱ्या आयुष्याबद्दल बजावले आहे.

या सगळ्या मांडणीत तीन मुद्दे आहेत. आयुष्य मोजके आहे; खेळाचा आनंद क्षणाचा आहे; आणि खेळातली चुरस राग, मत्सर व गर्व वाढवते. तिन्ही मुद्दे अनुभवाला धरून आहेत. मैदानावरची भांडणे घरापर्यंत येतात आणि हरलेल्या डावाचा सल मनात राहतो, हे प्रत्येक पिढी पाहत आली आहे. खेळाचे समर्थन करणाऱ्याला या तिन्हींना उत्तर द्यावे लागते.

खेळ हे साधन

पहिले उत्तर असे की खेळाने शरीर घडते आणि घडलेले शरीर धर्माच्या कामी येते. स्वामी विवेकानंदांनी १८९७ साली मद्रासमधील एका व्याख्यानात तरुणांना सांगितले की गीतेच्या अभ्यासापेक्षा फुटबॉल त्यांना स्वर्गाच्या अधिक जवळ नेईल. या बोलण्याचा रोख गीतेला कमी लेखण्याचा नव्हता. दंडात बळ आले तर गीता अधिक चांगली समजेल, असे त्यांचे म्हणणे होते. दुर्बल शरीराला आणि भित्र्या मनाला कर्मयोगाचा उपदेश पेलत नाही, हे त्यांना दिसत होते. समर्थांनी सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत अकरा मारुती स्थापन केले आणि बलोपासनेला उपासनेत स्थान दिले. महाराष्ट्रात तालमीत मारुती असतोच, तो याच विचारधारेतून.

हे उत्तर खरे आहे, पण पुरे नाही. खेळ जर फक्त बळासाठी असेल, तर ज्याला बळ येणारच नाही अशा मुलाच्या खेळाला अर्थ उरत नाही. आणि एकट्याने जोर-बैठका काढून तेच बळ मिळत असेल, तर सवंगड्यांची गरज उरत नाही. मुले मात्र खेळतात ती सवंगड्यांसाठी. एकट्याला खेळता येत असले तरी ती मित्राला हाक मारायला जातात. खेळाचा हा भाग साधनाच्या भाषेत सापडत नाही. त्यासाठी वेगळा विचार लागतो.

लीला : हेतूवाचून केलेली कृती

तो विचार वेदान्तात एका वेगळ्याच प्रश्नाच्या ओघात आला. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात एक शंका उपस्थित केली आहे. जगात कोणीही हेतूशिवाय काही करत नाही. ईश्वराला तर काहीच मिळवायचे नाही, तो पूर्णकाम आहे. मग त्याने जग का निर्माण केले? हेतू होता म्हटले तर पूर्णत्वाला बाध येतो. नव्हता म्हटले तर ती वेड्याची कृती ठरते. सूत्रकारांचे उत्तर असे की लोकव्यवहारात जशी लीला असते, तशीच ही केवळ लीला आहे. भाष्यात शंकराचार्य सर्व इच्छा पुरवल्या गेलेल्या राजाच्या क्रीडेचा आणि सहज चालणाऱ्या श्वासोच्छ्वासाचा दाखला देतात. पुढे ते हेही स्पष्ट करतात की सृष्टीविषयीचे हे सारे बोलणे अविद्येच्या पातळीवरचे आहे. वल्लभाचार्यांनी (१४७९–१५३१) मात्र लीला खरी मानली आणि जग हा भगवंताच्या आनंदाचा आविष्कार ठरवला.

या चर्चेने एक महत्त्वाची गोष्ट मान्य केली : हेतू नसणे ही नेहमी उणीवच असते असे नाही. काही कृती अभावातून होतात, काही भरलेपणातून. भुकेला अन्न शोधतो, ही अभावातून झालेली कृती. मन भरून आले की माणूस गुणगुणतो, नाचतो, ती दुसऱ्या प्रकारची. खेळ या दुसऱ्या प्रकारात येतो.

तरीही देवाच्या लीलेवरून माणसाच्या खेळाचे मोल थेट ठरवता येत नाही. देव पूर्ण आहे, माणूस नाही. शाळकरी मुलाला भूक आहे, परीक्षा आहे, आईवडिलांचा धाक आहे. त्याच्या खेळाला लीला म्हणायचे कशाच्या आधारावर? भक्तिशास्त्राचे उत्तर असे की माणूस आपल्या बळावर लीला करू शकत नसला, तरी देवाच्या लीलेत भाग घेऊ शकतो. तो कसा, हे सांगण्यासाठी भागवताने सूत्रे रचली नाहीत. त्याने गुराख्यांच्या मुलांच्या गोष्टी सांगितल्या.

भागवतातील मुले

दशम स्कंधात पूतना, कालिय, गोवर्धन अशा पराक्रमाच्या कथा आहेत, तशाच मुलांच्या साध्या दिनक्रमाच्याही आहेत. बाराव्या अध्यायात मुले सकाळी शिदोरी घेऊन वासरांमागे निघतात. एकमेकांची शिंकी पळवतात, पकडले गेल्यावर ती लांब फेकतात, तिथला मुलगा आणखी लांब फेकतो आणि शेवटी हसत परत देतात. पक्ष्यांच्या सावल्यांमागे धावतात, बेडकांसारख्या उड्या मारतात, माकडांना वेडावून दाखवतात. तेराव्या अध्यायात यमुनेच्या वाळवंटात पंगत बसते. पाने, फुले, साली, दगड यांचीच ताटे होतात. कृष्ण मध्यभागी बसतो, बासरी कमरेला खोचलेली, डाव्या हातात दहीभाताचा घास. ज्याचे त्याचे पदार्थ सगळ्यांना चाखवत, एकमेकांना हसवत जेवण चालते.

याच वेळी ब्रह्मदेव वासरे आणि मुले लपवतो. कृष्ण स्वतःच सगळी वासरे आणि सगळी मुले होतो आणि वर्षभर घरोघरी नांदतो. त्या वर्षात गोपींचे आपल्या मुलांवरचे आणि गाईंचे वासरांवरचे प्रेम वाढत जाते. शेवटी सृष्टिकर्ता ज्याच्यापुढे नतमस्तक होतो, तो कृष्ण हातात घास घेऊन मित्रांना शोधणारा मुलगा आहे. चौदाव्या अध्यायातील ब्रह्मस्तुती याच रूपाला उद्देशून आहे. देवाचे सर्वांत मोठे रूप दाखवायला पुराणकाराने इथे सिंहासन निवडले नाही, सवंगड्यांची पंगत निवडली.

पंधराव्या अध्यायात श्रीदामा, सुबल आणि स्तोककृष्ण हे मित्र ताडवनातली फळे खायची इच्छा बोलून दाखवतात आणि सगळी टोळी धेनुकासुराच्या वनात शिरते. याच अध्यायात कुस्तीने थकलेला कृष्ण मित्राच्या मांडीवर डोके ठेवून झोपतो; कोणी त्याचे पाय चेपतो, कोणी पानांनी वारा घालतो. तेविसाव्या अध्यायात मुलांना भूक लागते. जवळच यज्ञ चालू असतो. कृष्ण त्यांना तिथे अन्न मागायला पाठवतो. यज्ञ करणारे ब्राह्मण हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत, दुर्लक्ष करतात. त्यांच्या पत्नी मात्र भरलेली पात्रे घेऊन धावत येतात. विधी अचूक चालला होता आणि देवाचे भुकेले मित्र दाराशी उभे होते; कथा कोणत्या बाजूने उभी आहे, याविषयी संदेह राहत नाही.

या सगळ्यांत तत्त्वदृष्ट्या सर्वांत धीट प्रसंग अठराव्या अध्यायात आहे. मुले दोन गट पाडून खेळतात. अट अशी की हरलेल्याने जिंकलेल्याला पाठीवर घेऊन भांडीर वडापर्यंत न्यायचे. कृष्णाचा गट हरतो. कृष्ण श्रीदामाला पाठीवर घेतो, भद्रसेन वृषभाला घेतो आणि गुराख्याच्या वेषात शिरलेला प्रलंबासुर बलरामाला घेतो. असुर ठरलेली जागा ओलांडून पुढे पळत सुटतो आणि तिथे त्याचा अंत होतो. या कथेत देव आणि असुर यांच्यातला फरक खेळाच्या कसोटीवर दिसतो. दोघांनीही ओझे उचलले. देवाने हार मान्य करून खुणेपर्यंत जाणे पत्करले. असुराने खेळाचे सोंग घेऊन सवंगड्याला पळवले. सर्वशक्तिमान असूनही जो खोटा डाव खेळत नाही तो देव, असा हा पाठ आहे.

सख्य : बरोबरीची भक्ती

भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हाद भक्तीचे नऊ प्रकार सांगतो. त्यांत दास्य सातवे, सख्य आठवे आणि आत्मनिवेदन नववे आहे. सेवकाच्या नात्यानंतर मित्राचे नाते येते, या क्रमाला अर्थ आहे. सेवकाला धन्याची मर्जी सांभाळावी लागते. मित्राला रागावता येते, रुसता येते, चूक दाखवता येते.

हे नाते किती नाजूक आहे, ते गीतेच्या अकराव्या अध्यायात दिसते. विश्वरूप पाहिल्यावर अर्जुन भयाने क्षमा मागतो. खेळताना, झोपताना, बसताना, जेवताना आपण सलगीने ‘कृष्णा’, ‘यादवा’, ‘सख्या’ अशा हाका मारल्या, थट्टा केली, याची त्याला लाज वाटते. शके १२१२, म्हणजे १२९० साली पूर्ण झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’त हा भाग मोठ्या मायेने फुलवला आहे, तिथला अर्जुन झोंबाझोंबी आणि सारीपाटासारख्या खेळांतली आपली सलगीही आठवतो. महत्त्व कळल्याबरोबर मैत्री अवघडून जाते. शेवटी अर्जुन पूर्वीचे ओळखीचे रूपच परत मागतो. वृंदावनातला श्रीदामा मात्र कधीच क्षमा मागत नाही. देवाच्या पाठीवर बसताना त्याला संकोच वाटत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तो फक्त जिंकलेला गडी आहे.

सोळाव्या शतकात रूप गोस्वामी यांनी ‘भक्तिरसामृतसिंधू’ या ग्रंथात सख्याला स्वतंत्र भक्तिरसाचे स्थान दिले. व्रजातील मित्रांचे त्यांनी चार वर्ग केले : थोडे मोठे आणि सांभाळून घेणारे सुहृद, थोडे लहान आणि सेवेची ओढ असलेले सखा, अगदी बरोबरीचे, कुस्ती आणि काठ्यांचे खेळ खेळणारे प्रियसखा, आणि मनातले गुपित जाणणारे प्रियनर्मसखा. श्रीदामा तिसऱ्या वर्गात येतो, सुबल चौथ्या. कोणत्याही शाळेच्या मैदानावर हे चारही प्रकारचे मित्र आजही ओळखता येतात. परंपरेने वयाचेही टप्पे केले आहेत : पाच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर. यांतले कैशोर वय रसदृष्ट्या श्रेष्ठ मानले आहे. इतर ठिकाणी चंचल आणि बेभरवशाचे मानले गेलेले वय इथे भक्तीच्या केंद्रस्थानी येते.

वल्लभ संप्रदायातील आठ कवींना अष्टछाप म्हणतात, तसेच अष्टसखाही म्हणतात. रामदासांनी ‘दासबोधा’च्या चौथ्या दशकातील आठवा समास सख्यभक्तीला दिला, तिथला भर वेगळा आहे. देवाला जे आवडते ते आपल्याला आवडू लागले की सख्य जुळते, असे ते सांगतात आणि त्यासाठी स्वतःच्या सुखाचा आग्रह सोडायला लावतात. हसतखेळत जुळलेली मैत्रीही शेवटी त्यागाच्या परीक्षेला उतरावी लागते, ही त्यांची भर मोलाची आहे.

मराठी संतांचे मैदान

मराठी संतांनी व्रजातला खेळ मराठी मातीत आणला. नामदेव, एकनाथ, तुकाराम यांच्या गाथांत हमामा, हुंबरी, हुतूतू, फुगडी, टिपरी, चेंडू, विटीदांडू अशा खेळांवरच्या रचना आहेत. कृष्ण आणि गोप तिथे देहू-पैठणच्या मुलांसारखे खेळतात. या रचना दुहेरी आहेत. वरवर पाहता खेळाचे वर्णन आहे, आणि त्याच शब्दांत श्वास, नाम, जन्ममरणाच्या फेऱ्या आणि जीव-शिवाचे ऐक्य यांचा विचार आहे. एकनाथांनी भारुडांतून हा प्रकार लोकांपर्यंत नेला. ज्याला वेदान्ताची परिभाषा येत नाही, त्याला फुगडीची गती आणि हुतूतूचा दम ठाऊक असतो. तिथूनच त्याला विचारापर्यंत नेता येते.

मराठी परंपरेची स्वतःची मोठी निर्मिती म्हणजे पेंद्या. भागवतात हा मित्र नाही. मराठी कथा-कीर्तनांत पेंद्या पायाने अधू आहे, त्याच्यासोबत वाकड्या आहे, बोबडा आहे. १७०२ साली पंढरपुरात पूर्ण झालेल्या श्रीधरांच्या ‘हरिविजया’ने कृष्णकथा घराघरांत पोहोचवली आणि काल्याच्या कीर्तनांनी पेंद्याला जिवंत ठेवले. ज्याला धावता येत नाही, ज्याला धड बोलता येत नाही, तो देवाचा आवडता गडी आहे. बळासाठी खेळ मानणाऱ्या विचारात ज्या मुलाला जागा नव्हती, त्याला संतांनी देवाच्या शेजारी बसवले. खेळाच्या धार्मिक अर्थाबद्दल मराठीने सांगितलेली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे.

काला

खेळ, मैत्री आणि खाणे या तिन्हींचा संगम काल्यात होतो. सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. कीर्तनकार कृष्ण आणि गोपाळांच्या लीला सांगतो, टाळकरी खेळ करतात, शेवटी दही, लाह्या, पोहे, लोणचे असे पदार्थ एकत्र कालवून वाटले जातात. आषाढी वारीतही पालख्या एकादशीनंतर पौर्णिमेपर्यंत थांबतात. त्या दिवशी पंढरपूरजवळच्या गोपाळपूरला गोपाळकाला होतो आणि मग परतीची वाट धरली जाते. वाटेवरच्या रिंगणांतही अश्व धावल्यानंतर वारकरी फुगड्या घालतात, पावल्या खेळतात, उड्यांचा खेळ करतात. पिकल्या केसांची माणसे तिथे पोरवयात येतात.

काल्याचा अर्थ भागवतातल्या पंगतीत आहे. प्रत्येकाने आणलेली शिदोरी वेगळी असते. कोणाची सकस, कोणाची शिळी. कालवल्यावर कोणाचे काय होते हे ओळखू येत नाही. घरची ऐपत तिथे पुसली जाते. शाळेच्या मधल्या सुट्टीत एकमेकांच्या डब्यात हात घालणारी मुले हेच करत असतात.

गोव्यात माशेल येथील देवकीकृष्ण मंदिराच्या प्रांगणात आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकाला होतो. भजनानंतर पुरुष आणि मुले अंगाला तेल लावून चिखलात उतरतात आणि पारंपरिक खेळ खेळतात. हे दैवत मूळचे चोडण बेटावरचे. पोर्तुगीज काळात ते स्थलांतरित होऊन माशेलला आले. घरदार सोडावे लागलेल्या समाजाने देवाबरोबर चिखलात खेळण्याची प्रथा टिकवली, यात त्या खेळाचे महत्त्व कळते.

मुलींच्या वाट्याला आलेल्या परंपरेत खेळ आणि पूजा यांतले अंतर आणखी कमी आहे. आश्विनात भोंडल्याला, म्हणजेच हादग्याला, पाटावर हत्तीचे चित्र मांडून मुली त्याभोवती फेर धरतात, गाणी म्हणतात आणि खिरापत ओळखण्याचा खेळ होतो. मग पुढच्या घरी जातात. तिथे वेगळा मंत्र किंवा पुरोहित लागत नाही; फेर धरणे हीच आराधना असते. मंगळागौरीच्या रात्री झिम्मा, फुगडी, पिंगा खेळत जागरण होते. घराबाहेर पडायला फारशी मोकळीक नसलेल्या काळात मुलींना मैत्रिणी भेटण्याची, जोरात हसण्याची, थकेपर्यंत खेळण्याची हक्काची जागा या व्रतांनी दिली.

नियम, हार आणि समता

खेळातली बरोबरी आपोआप येत नाही. ती नियमांतून येते. अमेरिकेत जन्मलेले तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ साली खेळाची व्याख्या करताना म्हटले की अनावश्यक अडथळे आपखुशीने स्वीकारून ते ओलांडण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. हुतूतूत दम धरून जाण्याची गरज नसते. ती अट स्वीकारली म्हणून खेळ होतो. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गोट्या खेळणाऱ्या मुलांचा अभ्यास मांडला. लहान मुलांना नियम मोठ्यांनी घालून दिलेले आणि न बदलणारे वाटतात. अकरा-बारा वर्षांच्या सुमारास मुलांना कळते की नियम परस्परांच्या संमतीने ठरतात, सगळे मान्य करतील तर बदलता येतात, आणि म्हणूनच पाळायचे असतात. शिक्षेच्या भीतीने पाळलेली नीती आणि एकमेकांच्या आदरातून पाळलेली नीती यांतला फरक मुले मैदानावर शिकतात.

सख्यभक्तीचे तत्त्व याच्याशी जुळते. भयाने वागणारा भक्त आणि प्रेमाने वागणारा भक्त यांत भागवताने दुसऱ्याला वरचे स्थान दिले. हार मान्य करणे हे या नीतीचे शिखर आहे. हरलेला गडी पुढच्या डावाला पुन्हा उभा राहतो, जिंकलेल्याशी त्याचे वैर होत नाही. फळाची आसक्ती न धरता पूर्ण जीव ओतून काम करावे, हे गीतेचे सांगणे पुस्तकातून समजायला अवघड जाते. जिंकायचे म्हणून जीव तोडून धावणारा आणि हरल्यावर हसत हात मिळवणारा मुलगा ते आचरणात आणत असतो.

बक्षीस आणि धोका

खेळाचे मोल त्याच्या आतल्या वागण्यात आहे, हे मान्य केले तर त्याचा बिघाड कुठून सुरू होतो तेही कळते. बाहेरचे फळ मोठे झाले की गडी बदलतात. दहीहंडी हे त्याचे जवळचे उदाहरण आहे. काल्याच्या भावनेतून आलेला हा सण शहरांत मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धेत बदलला, थर वाढत गेले आणि वरच्या थरावर लहान मुले चढू लागली. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील मुलांच्या सहभागाला मनाई करून उंचीवर वीस फुटांची मर्यादा घातली. २०१७ साली ही मनाई चौदा वर्षांखालील मुलांपुरती उरली आणि उंचीची मर्यादा राहिली नाही. २०२२ साली राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला.

धोका पत्करणे हा किशोरवयाच्या खेळाचा भागच असतो. ताडवनात शिरणारी मुलेही धोका पत्करत होती. पण तिथे इच्छा मुलांची होती आणि फळे सगळ्यांनी मिळून खाल्ली. मोठ्यांच्या प्रतिष्ठेसाठी किंवा बक्षिसासाठी लहानाला वरच्या थरावर चढवले जाते, तेव्हा तो गडी राहत नाही, साधन होतो. तेच पालकांच्या हट्टापायी मैदानावर राबवल्या जाणाऱ्या मुलाचे होते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या एकतिसाव्या कलमात विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क मानला आहे; भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली. खेळ हक्क आहे याचा अर्थ, त्याचे समर्थन गुणांनी, पदकांनी किंवा पैशाने करावे लागू नये.

मैत्रीच्या सीमा

एक शेवटचा आक्षेप उरतो. मैत्री निवड करते, म्हणून ती काहींना बाहेर ठेवते. ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार केले : उपयोगासाठी, सुखासाठी आणि सद्गुणासाठी. तरुणांची मैत्री सुखावर आधारलेली असते, म्हणून ती लवकर जुळते आणि लवकर तुटते, असे त्याचे निरीक्षण आहे. आपल्या टोळीत कोणाला घ्यायचे, कोणाला वगळायचे, कोणाला हिणवायचे, यातली क्रूरताही किशोरवयात तीव्र असते.

समाजही तेच करतो. काल्यात सगळे एक झाले असे म्हणणाऱ्या समाजाने चोखामेळ्याला मंदिराबाहेर ठेवले. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या भाविकांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले, आणि त्यानंतर ते खुले झाले. वाळवंटातली बरोबरी महाद्वारातून आत न्यायला शतके लागली. यावरून काला खोटा ठरत नाही. तो अपुरा राहिला, एवढे ठरते. खेळात अनुभवलेली समता व्यवहारात आणणे हे खेळाचे नाही, खेळणाऱ्यांचे काम आहे.

म्हणून सवंगड्यांच्या खेळाला धार्मिक मोल आहे की नाही, याची परीक्षा परंपरेच्या आधारेच करता येते. गडी हार मान्य करतात का? नियम सगळ्यांना सारखा आहे का? शिदोरी वाटून खाल्ली जाते का? पेंद्याला डावात घेतले जाते का? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर वैराग्यवाद्यांच्या तिन्ही आक्षेपांचे निरसन होते. आयुष्य मोजके असले तरी ते प्रेमात खर्च होते. आनंद क्षणाचा असला तरी त्यातून घडलेला स्वभाव टिकतो. आणि चुरस असली तरी ती वैर होत नाही. उत्तरे नकारार्थी असतील, तर तो खेळ कितीही मोठ्या उत्सवात खेळला गेला तरी त्याला काला म्हणता येत नाही. देवाशी सख्य जोडण्याची वाट शेजारच्या सवंगड्याशी खरा डाव खेळण्यातून जाते, हेच भागवताने आणि मराठी संतांनी किशोरवयाला सांगितले आहे.